गव्हाण रिकामी का पडते?

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, शिरूर कासारच्या गावांतून ऊसतोडीसाठी बिऱ्हाडं निघतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, लेकरं, एखादी शेळी; डोक्यावर मुकादमाची उचल, म्हणजे तोडीआधीच घेतलेली आगाऊ रक्कम. नवरा-बायकोच्या जोडीला इथं 'एक कोयता' म्हणतात आणि त्यांच्या संपाला 'कोयता बंद'.

हा संप कारखान्यांना लगेच का झोंबतो? उत्तर उसातच आहे. ऊस तोडला की त्यातलं इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करू लागतं. त्यांची दाणेदार साखर होत नाही, साखरेचा उतारा घटतो. म्हणून तोडलेला ऊस साठवून ठेवता येत नाही. तोड थांबली की कारखान्याची गव्हाण, म्हणजे गाळपासाठी ऊस टाकायची जागा, रिकामी पडते. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मिळाली, त्यामागे हीच निकड होती.

आता कोयत्यापुढे हार्वेस्टर उभा आहे. त्याच्या खरेदीला सरकारनं 2023 मध्ये 40 टक्के, कमाल 35 लाख रुपयांपर्यंत अनुदान जाहीर केलं. पण यंत्र उसाचे आखूड तुकडे करतं. जितके काप जास्त, तितक्या जागांतून जिवाणू शिरतात आणि गोडी लवकर उतरते. यंत्राला सरींतलं अंतरही रुंद लागतं. लहान, वेड्यावाकड्या वावरात ते वळतच नाही.

उसाची खरी गोडी बुडख्याशी असते. तिथवर वाकणारी कंबर मात्र माणसाचीच. यंत्र आलं, तर ती कंबर सुटेल. पण उचल फेडायची कशातून?