कडी लावली, पण कोणत्या दाराची?

रात्री निजण्यापूर्वी गृहिणी दाराची कडी दोनदा चाचपून पाहते. पण घरातले ब्रॉडबँड रात्रंदिवस चालूच असते. त्याच्या राउटरला कुलूप आहे का, हे कोण पाहतो? पुष्कळांचा पासवर्ड कारखान्यातून आलेलाच असतो, आणि तो चोरांना तोंडपाठ!

२०१६ साली ‘मिराई’ नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने असले साठेक पासवर्ड लावून पाहत लाखो कॅमेरे नि राउटर वेठीला धरले आणि त्यांच्याकरवी मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. घरमालकांना पत्ताही नव्हता!

म्हणून जोडणी होताच राउटरचा मूळ पासवर्ड बदला. वाय-फायला निराळा, लांबलचक पासवर्ड द्या. राउटरचे सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अद्ययावत करा. कडीइतकीच ही सवयही घराला हवी.