ऋतुचक्र

ऋतुचक्र : वयात आल्यापासून ऋतुनिवृत्तीपर्यंत स्त्रीच्या अंडकोशांत व गर्भाशयात सु. एक महिन्याच्या अंतराने पुनःपुन्हा घडून येणाऱ्या क्रमबद्ध बदलांना ‘ऋतुचक्र’ म्हणतात. ऋतुस्राव (मासिक पाळी) ही या बदलांची बाहेरून दिसणारी ठळक खूण होय. स्रावाचा पहिला दिवस हा चक्राचा पहिला दिवस मानण्याचा प्रघात असला, तरी शरीरक्रियेच्या दृष्टीने स्राव हा आधीच्या चक्राचा शेवट असतो. चक्राचा सरासरी कालावधी २८ दिवस असून प्रौढ स्त्रीत २४ ते ३८ दिवसांचे चक्र प्राकृत समजतात.

संबंधित इंद्रिये : गर्भाशय हे श्रोणीमध्ये मूत्राशय व गुदांत्र यांच्या दरम्यान असणारे, उलट्या ठेवलेल्या पेरूच्या आकाराचे स्नायुमय इंद्रिय आहे. त्याची लांबी सु. ७·५ सेंमी. असून खालचा निमुळता भाग (ग्रीवा) योनिमार्गात उघडतो. वरच्या दोन कोपऱ्यांपासून सु. १० सेंमी. लांबीच्या अंडवाहिन्या निघतात. त्यांच्या झालरीसारख्या मोकळ्या टोकांजवळ दोन्ही बाजूंस बदामाच्या आकाराचा एकेक अंडकोश असतो. जन्मसमयी दोन्ही अंडकोशांत मिळून १० ते २० लाख अपक्व अंडी असतात. वयात येईपर्यंत त्यांपैकी ३ ते ४ लाख उरतात आणि संपूर्ण आयुष्यात जेमतेम ४०० पक्व होऊन बाहेर पडतात. प्रत्येक अंड्याभोवती कोशिकांचे वेष्टन असते. त्यास पुटक म्हणतात.

हॉर्मोनांचे नियंत्रण : मेंदूच्या तळाशी असलेल्या अधोथॅलॅमसातून ठराविक अंतराने स्पंदरूपाने स्रवणाऱ्या हॉर्मोनामुळे पोष ग्रंथी पुटकोद्दीपक व पीतपिंडकारी ही दोन हॉर्मोने रक्तात सोडते. पहिल्याच्या प्रभावाने काही पुटके वाढू लागतात व त्यांतून स्त्रीमदजन (ईस्ट्रोजेन) स्रवते. स्त्रीमदजन पोष ग्रंथीच्या स्रावास आवर घालते. त्यामुळे पुटकोद्दीपक हॉर्मोन कमी पडून बहुतेक पुटके खुरटतात व सामान्यतः एकच पूर्णत्वास जाते. या पुटकातून स्रवणाऱ्या स्त्रीमदजनाची पातळी सु. दोन दिवस उंच राहिली की, परिणाम उलटा होतो. ज्या ग्रंथीस ते आवरत होते, तिलाच ते उद्युक्त करते आणि पीतपिंडकारी हॉर्मोनाचा एकाएकी मोठा लोट येतो. त्यानंतर सु. ३६ तासांत पुटक फुटून अंडे सुटते (अंडमोचन).

फुटलेल्या पुटकापासून पिवळसर पीतपिंड बनतो. त्यातून स्त्रीमदजनाबरोबर प्रगर्भरक्षी (प्रोजेस्टेरॉन) हे हॉर्मोन स्रवते. त्याच्या प्रभावाने विश्रांतीच्या वेळचे शरीराचे तापमान ०·३° ते ०·५° से.ने वाढते. एडगर ॲलन व एडवर्ड डॉइझी यांनी १९२३ मध्ये पुटकद्रवातील स्त्रीमदजनाची क्रिया सिद्ध केली, तर शुद्ध प्रगर्भरक्षी १९३४ मध्ये वेगळे करण्यात आले.

गर्भाशयातील बदल : स्राव थांबल्यावर स्त्रीमदजनामुळे गर्भाशयाचा अंतःस्तर पुन्हा वाढतो. अंडमोचनानंतर प्रगर्भरक्षीमुळे त्यातील ग्रंथी पोषक द्रव्य स्रवू लागतात व रोहिण्या सर्पिल बनतात. गर्भधारणा झाल्यास भ्रूणाच्या आवरणातून निघणारे हॉर्मोन पीतपिंडास जगविते. तसे न झाल्यास पीतपिंड सु. दोन आठवड्यांत निकामी होतो, हॉर्मोनांचा आधार तुटतो व अंतःस्तर गळून पडतो. मार्की यांनी ऱ्हीसस माकडिणीच्या डोळ्यात या स्तराचे कलम लावून ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली व १९४० मध्ये वर्णिली. सर्पिल रोहिण्या प्रथम आकुंचन पावतात, रक्ताअभावी वरचा थर मृत होतो व नंतर रक्तस्राव सुरू होतो. म्हणजेच ऋतुस्रावात नेहमीचेच रक्त, गळालेला अंतःस्तर व श्लेष्मा एवढेच असते. शरीरातील ‘अशुद्ध’ रक्त त्यावाटे बाहेर पडते, या समजुतीस आधार नाही. पाळीच्या काळात स्त्रीस अस्पर्श मानून वेगळे बसविण्याच्या रूढीसही शरीरविज्ञानात कोणतेच कारण सापडत नाही.

अंडमोचनाचा काळ : एकोणिसाव्या शतकात अनेक वैद्य अंडमोचन पाळीच्या सुमारास होते असे मानीत. त्यामुळे चक्राच्या मधले दिवस गर्भधारणेस प्रतिकूल ठरविले जात. प्रत्यक्षात स्थिती याच्या उलट आहे. जपानमधील क्यूसाकू ओगिनो यांनी १९२४ मध्ये, शस्त्रक्रियांच्या वेळी पाहिलेल्या अंडकोशांच्या आधारे, अंडमोचन पुढील पाळीपूर्वी १२ ते १६ दिवस होते असे दाखविले. ऑस्ट्रियातील हेर्मान क्नाउस हेही त्याच दशकात स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षाप्रत आले. चक्राची लांबी बदलते ती मुख्यत्वे अंडमोचनापूर्वीच्या काळामुळे. म्हणून मागील पाळीपासून चौदा दिवस मोजण्याची रीत २८ दिवसांहून वेगळ्या चक्रात चुकते. पुढील पाळीची तारीख आधी निश्चित कळत नसल्याने केवळ दिनदर्शिकेवर आधारलेले संततिनियमनही बेभरवशाचे ठरते. अंडे सु. एक दिवसच फलनक्षम असते, मात्र शुक्राणू पाच दिवसांपर्यंत जगू शकतात.

विकृती : एका पाळीत सामान्यतः ३० ते ४० मिलि. रक्त जाते. ते सातत्याने ८० मिलि.हून अधिक गेल्यास शरीरातील लोहाचा साठा घटून पांडुरोग होतो. पाळीच्या दिवसांत अधिक स्राव होणे हा स्त्रीचा स्वभावधर्म मानून अनेकदा त्याकडे दुर्लक्ष होते व थकवा, धाप यांचे खरे कारण लपून राहते. पहिल्या पाळीनंतरच्या एकदोन वर्षांत व ऋतुनिवृत्तीपूर्वी अंडमोचनाविना चक्रे होत असल्याने पाळी अनियमित असू शकते. पुटके संपत आल्यावर, बहुधा ४५ ते ५५ वर्षांच्या दरम्यान, पाळी कायमची थांबते. सलग बारा महिने पाळी न आल्यास ऋतुनिवृत्ती झाली असे समजतात. त्यानंतर होणारा कोणताही रक्तस्राव, कितीही अल्प असला तरी, पाळी ‘परत आली’ असे समजून सोडून देऊ नये. तो गर्भाशयाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकत असल्याने त्वरित तपासणी आवश्यक असते.