अश्वशक्ती नव्हे, पंखा विचारा

शिरूर-दौंडच्या भीमाकाठी बोट म्हटलं की आधी आठवते ती वाळूउपशाची. महसूल खातं ती पकडतं, जिलेटिन लावून उडवतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. या लेखातली बोट वेगळी आहे. तिच्या मागच्या फळीवर इंजिन टांगलेलं असतं. पुरात बचाव पथकं तीच घेऊन उतरतात, आणि दौंडच्या खालच्या अंगाला पसरलेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर काही मच्छीमारही होडीला असं इंजिन लावतात. घेताना चर्चा होते ती पंचवीस अश्वशक्तीचं घ्यावं की चाळीसचं, याची. इंजिनाखाली पाण्यात फिरणाऱ्या पंख्याकडे कुणी बघत नाही. माझ्या मते निम्मी बोट तिथेच ठरते.

पंख्याचं माप दोन आकड्यांत सांगतात, दोन्ही इंचांत. पहिला व्यास, दुसरा पीच. लाकडात स्क्रू शिरावा तसा पंखा पाण्यात शिरला, तर एका फेऱ्यात तो जितका पुढे जाईल तितका त्याचा पीच. समजा पीच १० इंच आहे, इंजिन मिनिटाला ५४०० फेरे घेतंय आणि गिअर ते निम्मे करतो. पंख्याचे झाले २७०० फेरे, म्हणजे कागदावर ताशी ४१ किलोमीटर. पाणी लाकडासारखं घट्ट नसतं, त्यामुळे प्रत्यक्षात यातले साधारण दहा ते वीस टक्के घसरणीत जातात.

आता उजनीची पूर्ण संचय पातळी बघा: समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर. हवा विरळ होत जाते तसं साधं इंजिन दर ३०० मीटरला सुमारे तीन टक्के ताकद गमावतं. म्हणजे इथे पाचेक टक्के आधीच गेले. त्यात पुरातून काढलेली माणसं, त्यांची बोचकी. कोकण किनाऱ्यावर नेमका बसलेला पंखा इथे जड पडतो. इंजिन धापा टाकतं, बोटीचं नाक वर राहतं आणि बोट पाण्यावर उचलतच नाही. पीच एक इंचाने उतरवला, तर फेरे दीडशे ते दोनशेने वाढतात. फार उतरवला तर रिकाम्या बोटीत इंजिन नको इतकं पळतं, हेही खरं.

मग येतो ट्रिम, म्हणजे इंजिनाचा कल. मोठ्या इंजिनांना बटण असतं. लहान इंजिनांत भोकांतला दांडा काढून हातानेच पुढेमागे बसवावा लागतो. पंखा फळीकडे आत घेतला की नाक खाली बसतं. सुरुवातीला बोट उचलायला हे बरं. पण वेगात तसंच ठेवलं तर नाक पाणी कापू लागतं, सुकाणू जड होतं आणि वळणावर बोट अचानक हिसका देते. उलट कल फार बाहेर गेला, तर नाक उड्या मारतं, पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि बोट मात्र जागची हलत नाही. सगळी माणसं मागे बसली असतील, तर कल कितीही बदला, उपयोग थोडाच. आधी दोघांना पुढे सरकवा.

मुळा-मुठा भीमेला मिळते ती पुण्याकडची जलपर्णी घेऊन. ती पंख्याला गुंडाळली की जोर लावून सुटत नाही. इंजिन बंद करूनच काढावी लागते. उन्हाळ्यात फुगवटा ओसरला की उथळ पाण्यात कल वाढवून पंखा वर घ्यावा लागतो, पण थंड पाणी खेचणारं तोंड बुडालेलंच हवं, नाहीतर इंजिन तापतं. वाळू आणि दगडाला लागून ॲल्युमिनियमची पाती झिजतात, वाकतात. वाकलेला पंखा इंजिनभर थरथर पसरवतो.

वाऱ्यापुढे मात्र यातलं काहीच चालत नाही. २१ मे २०२४ला कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट उजनीत वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण बुडाले. तिथे कामी येतं ते जॅकेट, आणि आभाळ बघून न निघणं.

गावासाठी बोट घेत असाल, तर चाचणी रिकाम्या बोटीने घेऊ नका. नेहमीइतकी माणसं बसवा, पूर्ण थ्रॉटल द्या आणि इंजिनाच्या पुस्तिकेतल्या फेऱ्यांशी काटा पडताळा. कमी भरला तर आधी पंखा बदलून मागा, आणि बिलात एक जादा पंखा लिहून घ्या.