समोर नऊच खेळाडू असतील तर...

रविवारची सकाळ. खेळपट्टीवर चुन्याच्या रेषा आखून झाल्या आहेत, नाणेफेकीची वेळ टळत चालली आहे आणि प्रतिस्पर्धी संघाचे नऊच खेळाडू मैदानावर हजर आहेत. एकाला कचेरीतून अचानक बोलावणे आले आहे, दुसऱ्याचा पत्ताच नाही. हौशी क्रिकेट खेळणाऱ्यांना हे दृश्य नवे नाही. अशा वेळी आपल्या कर्णधाराने काय करावे? पंचांकडे जाऊन पुढे चाल मागावी, नवांशी अकरा खेळून सहज विजय पदरात पाडून घ्यावा, की आणखी काही करता येईल?

प्रथम नियम काय सांगतो ते पाहू. क्रिकेटचा पहिलाच नियम प्रत्येक संघात अकरा खेळाडू असावेत असे सांगतो. परंतु उभय संघांच्या संमतीने ही संख्या कमी वा अधिक ठेवण्याची मुभाही तोच देतो. क्षेत्ररक्षणाला मात्र एका वेळी अकराहून अधिक जण उतरू शकत नाहीत. नाणेफेकीपूर्वी खेळाडूंची नावे लेखी द्यावी लागतात आणि त्यानंतर प्रतिस्पर्धी कर्णधाराच्या संमतीवाचून त्यांत बदल करता येत नाही. म्हणजेच अडचणीत सापडलेल्या संघाला वाट करून देण्याचा अधिकार नियमानेच समोरच्या कर्णधाराच्या हाती सोपवला आहे. २००० साली नियमावलीला खेळभावनेविषयीची प्रस्तावना जोडली गेली. तिनेही या भावनेची मुख्य जबाबदारी कर्णधारांवरच टाकली आहे.

अकराचा आकडा पूर्वी इतका अटळही नव्हता. एकोणिसाव्या शतकात विल्यम क्लार्क यांचा ‘ऑल इंग्लंड’ संघ गावोगावी फिरत असे, तेव्हा या नामवंत अकरांसमोर अठरा किंवा बावीस स्थानिक खेळाडू उभे केले जात. १८६२ च्या पहिल्या दिवशी मेलबर्नला सुरू झालेल्या सामन्यात एच. एच. स्टीफन्सन यांच्या इंग्लिश अकरांशी व्हिक्टोरियाचे अठरा जण खेळले. सामना तुल्यबळ व्हावा, एवढाच त्या तडजोडीचा हेतू होता.

आपल्या मुंबईतले उदाहरण तर सर्वांना ठाऊक असावे असे आहे. १९८७ साली ब्रेबर्न स्टेडियमवर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भारत आणि पाकिस्तान यांच्यात प्रदर्शनीय सामना झाला. पाकिस्तानचे काही खेळाडू विश्रांतीसाठी बाहेर गेले आणि क्षेत्ररक्षणाला माणसे कमी पडली. तेव्हा तेरा वर्षांचा एक मुंबईकर मुलगा इम्रान खान यांच्या संघाकडून बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला. तो सचिन तेंडुलकर. भारताचे तेव्हाचे कर्णधार कपिलदेव यांनी मारलेला उंच फटका झेलण्यासाठी तो लांबवर धावत गेला. चेंडू हाती लागला नाही. फलंदाज आपल्याच देशाचा आहे म्हणून त्याचे पाय जड झाले नाहीत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

कसोटी सामन्यातही असे औदार्य घडले आहे. १९८६ साली लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्ध खेळताना इंग्लंडचे यष्टिरक्षक ब्रूस फ्रेंच हे रिचर्ड हॅडली यांचा चेंडू लागून जखमी झाले. निवृत्त झालेले पंचेचाळीस वर्षांचे बॉब टेलर त्या दिवशी प्रायोजकांच्या कामासाठी मैदानावर आले होते. न्यूझीलंडचे कर्णधार जेरेमी कोनी यांनी संमती दिली आणि टेलर यांनी यष्टींमागची जागा सांभाळली. न्यूझीलंडचे त्यात काहीही बिघडले नाही. हा सामना अनिर्णित राहिला, पण मालिका त्यांनीच १-० अशी जिंकली.

आता व्यवहाराकडे वळू. नऊ जणांचा संघ क्षेत्ररक्षणाला उतरला की गोलंदाज आणि यष्टिरक्षक सोडून सातच जण उरतात. फलंदाजीत आठ गडी बाद होताच डाव संपतो. सर्वांत सोपा उपाय म्हणजे आपली फलंदाजी चालू असताना तंबूत बसलेल्यांपैकी दोघांना त्यांच्याकडून क्षेत्ररक्षणास पाठवणे. सामना केवळ मैत्रीचा असेल तर आपला एक खेळाडू पूर्ण दिवसासाठी त्यांना द्यावा; अकरा आणि नऊ मिळून वीस, म्हणजे दोहोंकडे दहा-दहा. तो त्यांच्याकडून फलंदाजी व गोलंदाजीही करील.

उसना खेळाडू देताना सर्वांत कच्चा गडी पुढे करणे म्हणजे दान देताना खोटे नाणे निवडण्यासारखे आहे. जो जाईल त्याने आपल्या कर्णधाराचा झेलही मनापासून घ्यावा, आणि घेतल्यावर आपल्याच मंडळींनी त्याला टोमणे मारू नयेत. उलटपक्षी, ज्यांनी त्याला घेतले त्यांनी पाहुण्या मुलाला फलंदाजाच्या अगदी जवळ, धोक्याच्या जागी उभे करू नये.

साखळी स्पर्धेत मात्र प्रश्न थोडा बिकट होतो. तेथे एका सामन्यातील सवलतीचा परिणाम गुणतक्त्यातील तिसऱ्या संघावर होतो. म्हणून स्पर्धेच्या नियमांत काय बसते हे आधी पंचांना व आयोजकांना विचारावे आणि जे ठरेल ते नाणेफेकीपूर्वी दोन्ही कर्णधारांनी गुणलेखकासमोर स्पष्ट करावे. दर आठवड्याला अपुऱ्या संख्येने येणाऱ्या संघाला प्रत्येक वेळी सांभाळून घेणे हेही योग्य नव्हे. वेळेवर आलेल्या अकरा जणांच्या श्रमांचा मान राखणे हाही खेळभावनेचाच भाग आहे. अपघाताने आलेली अडचण आणि अंगवळणी पडलेला निष्काळजीपणा यांत कर्णधाराने फरक केलाच पाहिजे.

तरीही पुढे चाल घेण्यापूर्वी एक विचार अवश्य करावा. न खेळता मिळालेल्या गुणांचे समाधान कोणाला? पहाटे उठून लांबून आलेल्या आपल्याच सातव्या-आठव्या क्रमांकाच्या फलंदाजाला, महिन्यातून एकदाच संधी मिळणाऱ्या फिरकी गोलंदाजाला, मुलाचा खेळ पाहण्यासाठी डबा घेऊन आलेल्या आईवडिलांना त्या गुणांतून काय मिळते? प्रतिस्पर्ध्याला दोन माणसे दिली तर त्यांच्याबरोबर आपल्या मंडळींनाही सामना मिळतो.

सुटीच्या दिवसांत आपल्या समाजाच्या युवक मंडळांच्या स्पर्धा भरतात. प्रवेशपत्रिका, षटकांची मर्यादा, पारितोषिके यांचा तपशील आयोजक काळजीपूर्वक छापतात. त्यातच दोन ओळी अधिक छापाव्यात: किती खेळाडू असल्यास सामना सुरू होईल, उशिरा येणाऱ्यासाठी किती वेळ थांबायचे, आणि क्षेत्ररक्षक उसने देता येतील की नाही. मग रविवारी सकाळी वाद घालण्याचे कारण उरणार नाही आणि ज्या कर्णधाराला मदत करायची आहे, त्याला ती निःसंकोचपणे करता येईल.