आजीलाही येणारे इंग्रजी

रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही दहावीच्या मुलांना घेऊन तासभर इंग्रजीला बसतो. बुलढाणा जिल्ह्यातले आमचे गाव काही मोठे नाही. बाप सोयाबीनच्या वावरात रोजाने, माय निंदायला आणि लेकरू इंग्रजीच्या पुस्तकासमोर मुक्याने बसलेले, अशी बहुतेक घरे. इंग्रजीची ही भीती मोडावी म्हणून एकदा आम्ही मुलांना विचारले, "तुमच्या आजीला येते असे एखादे इंग्रजी क्रियापद सांगा." मुले हसायला लागली. आजीला कुठली आली इंग्रजी? तेवढ्यात मागे सतरंजीवर बसलेल्या एक आजीच म्हणाल्या, "काहून? पास होनं येते ना आमाले!"

त्या दिवशी धडा बाजूलाच राहिला. मुलांनी आणि मायमाउल्यांनी मिळून फळा भरून टाकला. पोरगी पास झाली. रमाई आवासमध्ये घरकुल पास झालं. बचत गटाचं लोन पास झालं. ग्रामसभेत ठराव पास झाला. बँकेचे पासबुक, कंपनीचा गेटपास, पारावरचा टाइमपास. हृदयाची बायपास आणि गावाबाहेरचा रस्ताही बायपासच. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदीचे दिवस ज्यांनी पाहिले, त्यांना खामगावची कापसाची गाडी आठवली. ग्रेडर 'माल पास' म्हणेपर्यंत शेतकऱ्याचा आणि हमालाचा जीव टांगणीला असायचा.

एस.टी.चा पास तर प्रत्येकाच्या खिशातला. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत तो मोफत मिळतो, मुलांना भाड्याचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. बसमध्ये कंडक्टर जवळ आला की मुलगी नुसते 'पास' म्हणते आणि तो पुढे जातो. एवढे छोटे वाक्य मराठीत दुसरे नसेल!

एका पोराने 'पासिंग' सांगितले, ते आम्हाला फार आवडले. गाडीवर एम.एच. २८ दिसले की आपण म्हणतो, 'बुलढाणा पासिंग हाय'. पुण्याच्या किंवा सुरतच्या रस्त्यावर ती पाटी दिसली तरी आपल्या माणसाला भरून येते. हे इंग्रजाला सांगितले तर त्याला कळायचे नाही, तो रजिस्ट्रेशन म्हणतो. शब्द त्यांचा असला तरी हा अर्थ आपण घडवला.

शब्दाचे मूळ पाहू गेले तर 'पास' इंग्रजीतही बाहेरूनच आलेला आहे. लॅटिनमधे 'पासुस' म्हणजे पाऊल. त्यावरून फ्रेंचमध्ये जाण्याचे, ओलांडण्याचे क्रियापद झाले आणि तेथून ते इंग्रजीत आले. हिंदीतला 'पास' आणि आपल्या 'घरापाशी'मधला 'पाशी' यांचा मात्र त्याच्याशी काही संबंध नाही. ते संस्कृत 'पार्श्व', पाली 'पस्स' म्हणजे बाजू, कूस, या घराण्यातले.

मूळ अर्थ पाऊल हा ध्यानात ठेवला, की इंग्रजी बोलण्यातले पुष्कळसे 'पास' आपोआप उलगडतात. जेवताना 'पास द सॉल्ट' म्हणजे मीठ जरा इकडे द्या. 'टाइम पासेस' म्हणजे वेळ सरतो. 'पास ऑन' म्हणजे निरोप पुढे पोचवणे. कोणी वारले तर 'पास्ड अवे' म्हणायची सभ्य रीत आहे. पत्त्यांच्या डावात आपली पाळी सोडायची असली तरी 'पास'च म्हणतात. एक जपायचे. 'कॉलेजातून पास आउट झालो' असे आपण ऐटीत सांगतो, आपल्या देशात ते चालूनही जाते. पण परदेशी माणसाला त्याचा पहिला अर्थ लागतो तो चक्कर येऊन पडण्याचा.

एवढे झाल्यावर आम्ही मुलांना स्वतःविषयी दोन ओळी इंग्रजीत लिहायला सांगितल्या. वर्गात मागच्या वर्षी इंग्रजीत राहिलेला एक मुलगा येतो. वही उघडून पाहिली तर त्याने लिहिले होते, 'आय ॲम फेल.' शेजारच्या मुलीने लिहिले होते, 'आय ॲम पास.'

दोन्ही वाक्ये चूक. आपल्या गावात दहापैकी आठ जण असेच म्हणतात, शिकलेलेसुद्धा म्हणतात, म्हणून ही चूक दिसत नाही. 'पास' आणि 'फेल' येथे क्रियापदे आहेत. 'आय पास्ड', 'आय फेल्ड' असे म्हणावे लागते. म्हणजे मी त्या वर्षीच्या त्या परीक्षेत उतरलो किंवा पडलो. धावलो, जेवलो, बसलो, तसेच हे. ते घडले आणि झाले. 'ॲम' लावले की ते माणसालाच चिकटते, उंची आणि रंग चिकटावा तसे.

मराठीत आपण आणखी एक काम केले. इंग्रजी 'पास'ला नामंजूर, नापसंत यांतला फारसी 'ना' जोडला आणि 'नापास' हा शब्द तयार केला. तोही 'झाला' म्हणावा तर गल्लीत 'हा मॅट्रिक नापास आहे' असेच म्हणतात. लग्नाची बोलणी असोत की कंपनीत कामाची चौकशी, वीस वर्षे झाली तरी तो 'आहे' जात नाही. त्या मुलाच्या घरी निकालाच्या दिवशी चूल पेटली नव्हती, हे आम्हाला नंतर कळले.

आम्ही त्याला बाबासाहेबांची हकीकत सांगितली. मॅट्रिक पास झाल्याबद्दल १९०७ साली झालेला सत्कार आणि त्या सभेत केळुसकर गुरुजींनी भेट दिलेले बुद्धचरित्र आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. दुसरी हकीकत तितकी सांगितली जात नाही. लंडन विद्यापीठाच्या डी.एस्सी.साठी बाबासाहेबांनी १९२२ साली रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला. परीक्षकांनी १९२३ मध्ये तो फिरून लिहायला सांगितला. जवळचे पैसे संपत आले होते. ते मुंबईला परतले, प्रबंध सुधारून पाठवला आणि त्याच वर्षी तो स्वीकारला गेला. पहिल्या खेपेला पास झाला नाही तो प्रबंध. त्यावरून बाबासाहेबांना कोणी काही 'आहे' म्हटल्याचे आमच्या ऐकण्यात नाही.

असेच हिंदू कोड बिलाचे. १९५१ साली ते पास होईना म्हणून बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि पुढे १९५५ व १९५६ साली त्याचेच चार तुकडे चार कायदे होऊन पास झाले. मुलांना हे सांगताना आम्ही मुद्दाम इंग्रजीतून सांगितले आणि क्रियापद मुलांकडून भरून घेतले. 'पास्ड' सगळ्यांनी बरोबर लिहिले.

त्या मुलाने आपली ओळ खोडून 'आय फेल्ड इन इंग्लिश' असे लिहिले. खाली त्यानेच विचारले, "सर, 'पुन्हा बसणार' कसं लिहायचं?" पुरवणी परीक्षेचा अर्ज त्याने भरला आहे.

वर्ग सुटल्यावर चपला घालता घालता एक बाई थांबल्या. नववीनंतर लग्न झाले, शाळा तिथेच सुटली. त्यांनी सतरा नंबरच्या अर्जाविषयी ऐकले होते. शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसता येते तो हा अर्ज. तो आता ऑनलाइन भरायचा असतो. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो लागतो, असे आम्ही सांगितले.

"दाखला हाय," त्या म्हणाल्या, "पेटीत ठेवेल हाय. पन सर, माह्या पोरीसंगं एकाच बाकावर बसवतीन काय हो मले?"