सौर ट्रान्सफॉर्मरचे रिवाइंडिंग : पडदा वगळू नका

मोटर व ट्रान्सफॉर्मर रिवाइंडिंग करणाऱ्या कारागिरांकडे आता सौर प्रकल्पांचे कामही येऊ लागले आहे. ते घेण्यापूर्वी त्यातील फरक समजून घेणे फायद्याचे ठरेल.

सौर पॅनेल डीसी वीज देते. इन्व्हर्टर तिची ५० हर्ट्झची एसी वीज करतो. सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन हे काम होत असल्याने विजेची लहर खडबडीत निघते. चोक आणि कपॅसिटरचा फिल्टर ती बरीच गुळगुळीत करतो, पण पूर्ण नव्हे.

घरांवरील लहान इन्व्हर्टरमध्ये बहुधा ट्रान्सफॉर्मर नसतोच. मोठ्या प्रकल्पांत मात्र काहीशे व्होल्टची वीज ११ किंवा ३३ हजार व्होल्टपर्यंत चढवावी लागते. फिल्टरमधून निसटलेले हार्मोनिक्स तेथे वाइंडिंगला जादा तापवतात. म्हणून तार व पट्टीचा हिशेब वेगळा असतो. शिवाय विजेचे झटके पलीकडे जाऊ नयेत यासाठी दोन वाइंडिंगच्या मध्ये धातूच्या पातळ पत्र्याचा पडदा घालून तो अर्थला जोडतात.

हा पडदा वगळला तरी व्होल्टेज बरोबर येते आणि साध्या चाचणीत दोष दिसत नाही. धोका पुढे असतो : इन्सुलेशनवर ताण पडतो, माल परत येतो, नाव जाते.

तेव्हा खोलतानाच नेमप्लेट, फेरे, पट्टीची जाडी व पडद्याची जागा वहीत नोंदवा, आणि त्या खर्चासह भाव सांगा. स्वस्तात काम घेऊन पडदा गाळण्यापेक्षा काम नाकारलेले बरे.