रोजच्या वाटेवरचे फोटो

मी सोलापूर जिल्ह्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आज आपण फोटो काढण्याबद्दल बोलणार आहोत. लग्नातले, बारशातले फोटो नव्हेत. शेताकडे जाताना, पाणी आणताना, सकाळी फिरायला जाताना आपण ज्या वाटेने रोज चालतो, त्या वाटेवरचे फोटो.

"त्या वाटेवर काय आहे काढण्यासारखं?" असं बैठकीत हमखास कुणीतरी विचारतं. तर बघा. पावसाळ्यात चिखलाने बंद होणारी पाणंद, उन्हाळ्यात तळ गाठलेला आड, ज्वारी काढणाऱ्या बाया, अंगणवाडीची ओल आलेली भिंत. हे रोज दिसतं, म्हणूनच ते कुणी टिपून ठेवत नाही. मग ग्रामसभेत आपण म्हणतो, "आड दरवर्षी आटतो." समोरून प्रश्न येतो, "कधी? किती?" तिथे आपण गप्प होतो. वर्षभराचे बारा फोटो हातात असले, तर गप्प बसावं लागत नाही.

हे काम शिकलेल्या, शहरातल्या लोकांचंच आहे असं समजू नका. आपल्या सोलापुरातून हैदराबादला जाणाऱ्या रस्त्यावर तेलंगणातलं जहीराबाद लागतं. त्याच्याजवळ पस्तापूर गाव आहे. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था दलित शेतकरी बायांबरोबर काम करते. बायांच्या गटाला तिकडे संघम म्हणतात. या बाया व्हिडिओ कॅमेरा चालवायला शिकल्या. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. आपली शेती, आपलं बियाणं यांवर त्यांनी फिल्मा केल्या. १५ ऑक्टोबर २००८ पासून त्यांचा संघम रेडिओही चालू झाला.

त्यांची एक गोष्ट मला फार आवडते. कॅमेरा कुठल्या उंचीवर धरायचा, याला त्यांनी आपली नावं दिली. वरून खाली बघणारा तो 'पटेल शॉट', कारण तिकडचा जमीनदार वर बसून खालच्यांकडे बघतो. खालून वर बघणारा तो गुलामाचा शॉट. आणि डोळ्याला डोळा भिडेल असा सरळ धरला, की तो 'संघम शॉट', कारण संघमात सगळ्या सारख्या.

आपणही हेच लक्षात ठेवू. खुरपणाऱ्या बाईचा फोटो उभ्याने काढला, तर नुसता डोक्यावरचा पदर येतो. तिच्यासमोर उकिडवं बसून काढा. तिचा चेहरा येईल, हात येतील, खुरपं येईल. तिचं काम दिसेल.

आता कॅमेऱ्याचं. मोबाईलवरही फोटो निघतात. पण पुष्कळ घरांत मोबाईल मालकांच्या खिशात असतो. खिशात मावणारा छोटा डिजिटल कॅमेरा गटाचा म्हणून ठेवता येतो, जशी आपली इतिवृत्ताची वही. कुणाच्या घरी असा जुना कॅमेरा कपाटात पडून असेल, तर तो चालतो का ते आधी बघा.

वापरताना एवढं सांभाळा. पहिल्यांदा तारीख-वेळ लावा. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली, तर ती पुन्हा लावावी लागते. दोरी मनगटात अडकवा. बटण आधी अर्धं दाबा, चित्र स्पष्ट झालं की पूर्ण दाबा. शक्यतो सकाळी काढा आणि सूर्य आपल्या पाठीशी ठेवा. लांबची वस्तू झूमने ओढण्यापेक्षा चार पावलं पुढे जा. भिंग पदराने पुसू नका, पदराला धूळ असते. मऊ, स्वच्छ कापड वेगळं ठेवा.

गावातल्या पाच जागा ठरवा. दर महिन्याच्या एक तारखेला त्याच जागी, त्याच झाडाजवळ उभं राहून फोटो काढा. नुसत्या खड्ड्याच्या फोटोवरून खोली कळत नाही. शेजारी काठी किंवा घागर ठेवा, म्हणजे अंदाज येतो. वहीत तारीख, जागा आणि फोटो कुणी काढला ते लिहा. महिन्यातून एकदा फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. कार्ड बिघडलं तर वर्षाची मेहनत जाते.

अशा नोंदीची किंमत आपल्याला ठाऊक आहे. २०२० च्या ऑक्टोबरात आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, पिकं गेली, माती खरवडून गेली. शेत आधी कसं होतं, हे दाखवायला किती जणींकडे फोटो होता? सरकारनेही २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतात उभं राहून पिकाचा फोटो मागायला सुरुवात केली. मात्र तो फोटो त्या ॲपमधूनच काढावा लागतो, कॅमेऱ्यातला तिथे चालत नाही. कॅमेऱ्यातला फोटो आपल्या गटासाठी आणि ग्रामसभेसाठी.

एक पथ्य कडक पाळा. माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. नदीवर धुणं धुणाऱ्या, अंघोळ करणाऱ्या बायांकडे कॅमेरा वळवायचाही नाही. कुणी नको म्हटलं, तर तिच्यासमोर पुसून टाका.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. त्या सभेत फोटो मांडा. "यात काय दिसतं? असं का झालं? आता काय करायचं?" हे तीन प्रश्न विचारा. चीनच्या युनान प्रांतात १९९२ साली खेड्यातल्या ६२ बायांच्या हाती कॅमेरे दिले होते. त्यांनीही आपलेच फोटो समोर ठेवून चर्चा केली आणि आपलं म्हणणं अधिकाऱ्यांपर्यंत नेलं. जे ठरेल ते ठरावात लिहून घ्या, फोटोच्या प्रती जोडा आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

पुढच्या बैठकीत पाच जागा ठरवून टाका, आणि पहिल्या महिन्याचा कॅमेरा कुणाकडे राहील तेही.